किल्लीचा कसरतवाला आणि त्याचा अंगरखा

(मंडळाच्या वर्धापनदिनी हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



चारचौघींसमोर उभे राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. शाळेत असताना कधी बोलले नाही, आणि सातवीनंतर शाळाच राहिली नाही. परंतु महिन्यापूर्वी कार्यवाहबाई घरी आल्या, चहा झाला, आणि जाता जाता म्हणाल्या, “तुमच्या दुकानात तो उलटा उभा राहणारा बाहुला आला होता ना, त्याच्याबद्दल यंदा तुम्हीच सांगायचे.” मी नाही म्हणेपर्यंत त्या जिना उतरून गेल्या होत्या. तेव्हा जे काही सांगते ते गोड मानून घ्या. कुठे चुकले तर घरी येऊन सांगा, आत्ता नको.

आपण सगळ्यांनी लहानपणी एक खेळणे पाहिले आहे. दोन काठ्या, वरच्या टोकांना दोरा, आणि त्या दोऱ्याला पीळ देऊन टांगलेला एक लाकडी माणूस. खालून काठ्या दाबल्या की दोरा ताणतो, पीळ उलगडतो आणि तो माणूस गर्रकन कोलांटी मारतो. उरसात माझ्या वडिलांनी मला तो घेऊन दिला होता. घरी येईपर्यंत मी त्याचा एक हात मोडला, म्हणून धपाटाही खाल्ला. आपल्याकडच्या लोकांना कसरतीचे वेड जुनेच. इथून जवळच्या अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली पहिली हिंदी सर्कस उभी केली, हे आपल्याकडची म्हातारी माणसे अजून अभिमानाने सांगतात. झोपाळ्यावरची माणसे पाहून आल्यावर आम्ही भावंडे आठ दिवस माजघरातल्या कडीला लोंबकळत असू.

परंतु ज्या बाहुल्याबद्दल मी सांगणार आहे तो दाबून उडणारा नव्हे. तो किल्लीवर चालणारा, आणि फार जुना.

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमचे घड्याळदुरुस्तीचे दुकान आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. ठाऊक असले तरी हल्ली तिकडे कोणी फिरकत नाही, कारण वेळ आता सगळे जण मोबाइलमध्ये पाहतात. सेल बदलून देणे आणि पट्टे बसवणे यावर दुकान चालले आहे. अशात एके दिवशी एका जुन्या घरातल्या आजी रिक्षातून उतरल्या. मांडीवर धोतरात गुंडाळलेले गाठोडे. संस्थाने विलीन झाल्यावर कुठल्याशा लिलावात त्यांच्या सासऱ्यांनी तो बाहुला घेतला होता. आजी नवी नवरी होऊन आल्या तेव्हा तो चालत असे, पुढे कधीतरी बंद पडला. आजी म्हणाल्या, “पुढच्या महिन्यात माझ्या दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन आहे. पहिल्या डोळ्याचे काही खरे झाले नाही. तेव्हा त्याच्या आधी एकदा हा उलटा झालेला बघायचा आहे.” आमच्या ह्यांनी तीन महिन्यांत असले काम पाहिले नव्हते. ताबडतोब हो म्हणाले.

आता तो कसा होता ते सांगते. खाली मखमल लावलेली लाकडी पेटी. तिच्यावर एक लहान खुर्ची, आणि खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात टेकलेला विदूषक. उभा धरला तर हातभर उंच. डोके कागदाच्या लगद्याचे, वर गुळगुळीत रंग, एक भुवई जरा वर गेलेली. पाय आतून पोकळ आणि इतके हलके की जणू वाळलेला दोडका. अंगात गुलाबी रेशमी अंगरखा आणि चोळणा, गळ्यात झालर. किल्ली दिली की पेटीत गाणे वाजायचे, विदूषकाचे पाय खुर्चीवरून उचलले जायचे, अंग हळूहळू वर जाऊन तो हातांवर सरळ उलटा उभा राहायचा. मग एक हात सोडायचा! एका हातावर तोललेला तसाच आपल्याकडे मान वळवून बघायचा, मग हात पुन्हा टेकून खाली यायचा. हे सगळे आजींनी तोंडी सांगितले. आमच्याकडे आला तेव्हा तो अर्ध्यावर जाऊन थांबत होता, पाय अधांतरी. काम चालू असलेल्या गवंड्याने मध्येच विडी ओढायला थांबावे तसा.

पेटी उघडल्यावर ह्यांनी मला बोलावून दाखवले. आत भली मोठी कमान, म्हणजे किल्ली दिल्यावर गुंडाळली जाते ती पोलादी पट्टी. ती उलगडताना दातेरी चाके फिरवते. शेवटच्या चाकाला एक छोटा पंखा असतो. तो हवा कापत फिरतो, म्हणून सगळे यंत्र एकदम भर्रकन सुटत नाही, बेताने चालते. हे सारे घड्याळासारखेच. परंतु घड्याळात नसते ते पुढे आहे. एका दांड्यावर पितळेच्या चकत्या ओळीने बसवलेल्या, आणि प्रत्येकीची कड वेगळी: एकीला उंचवटा, एकीला खळगा, एकीला चढण. प्रत्येक कडेवर एक लोखंडी बोट टेकलेले असते. चकती फिरते तसे ते बोट चढते उतरते, आणि त्याला जोडलेली तार ओढली जाते. एक चकती अंग उचलायची, एक हात सोडवायची, एक मान वळवायची. म्हणजे त्या बाहुल्याला काय करायचे, केव्हा करायचे आणि किती वेळ करायचे, हे सगळे त्या कडांमध्ये कानशीने घासून लिहून ठेवले आहे. तारा पेटीतून खुर्चीच्या पायात, पायातून पाठीत, पाठीतून विदूषकाच्या तळहातात आणि तिथून पोकळ हातातून अंगात. सगळा भार आणि सगळी अक्कल त्या एका मनगटातून जाते. मिरजेत आपण सतारी घडताना पाहतो, भोपळ्याची जाडी बोटाने वाजवून ठरवतात. तशी ही नजर आणि हाताची कामे आहेत, मापाने होणारी नव्हेत.

असले बाहुले कोणी केले असतील हे मला कळेना. पेटीवर नाव नव्हते. तेव्हा थोरल्या मुलीला बसवले. ती कॉलेजात जाते, इंग्रजी वाचते आणि मला मराठीत सांगते. दोन संध्याकाळी तिने वाचले आणि मी भाजी निवडत ऐकले.

फ्रान्सात पॅरिस शहरी, साधारण १८६० ते १९१० या पन्नास वर्षांत, असली यंत्राची माणसे करणारी घराणी होती. मारे नावाच्या जुन्या वस्तीत त्यांचे कारखाने. विशी, फालिब्वा, रूले, लाँबेर अशी त्यांची नावे. खुर्चीवर, शिडीवर उलटे होणारे कसरतवाले ह्याच काळातले. ही खेळणी मुलांच्या हातात द्यायची नव्हेत हो, ती मोठ्यांच्या दिवाणखान्यासाठी. आमचा बाहुला यांतल्या कोणाचा, हे मी सांगू शकणार नाही, पण घडण त्याच जातीची.

त्याच्याही आधीचा एक गृहस्थ मला फार आवडला. ब्ल्वा गावच्या घड्याळजीचा मुलगा, जन्म १८०५ चा. तो स्वतः घड्याळजी झाला. घड्याळाच्या कामाचे पुस्तक आणायला गेला असता दुकानदाराने चुकून जादूचे पुस्तक बांधून दिले आणि तिथून आपल्याला नाद लागला, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे. खरे किती आणि तिखटमीठ किती देव जाणे, जादूगारच तो! १८४५ साली त्याने पॅरिसात आपले नाटकगृह उघडले. त्याचा एक बाहुला होता, अंतोनिओ दियाव्होलो नावाचा. लहान मुलाला कडेवर घेऊन यावे तसा त्याला उचलून आणून तो टांगलेल्या झोक्यावर बसवायचा. बाहुला सलाम करायचा, झोके घ्यायचा, हात सोडून उलटा लोंबकळायचा. तो बाहुला पुढे अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या जॉन गॉगन नावाच्या कारागिराने दुरुस्त करून पुन्हा झोक्यावर चढवला. परंतु मला आवडला तो भाग वेगळाच. ह्या गृहस्थाचे आडनाव रोबेर. त्याच्या बायकोचे माहेरचे आडनाव ऊदाँ, तिचे वडीलही घड्याळजीच. लग्नानंतर ह्याने बायकोचे आडनाव आपल्या आडनावाला जोडून घेतले आणि रोबेर-ऊदाँ म्हणूनच जगभर गाजला. मी ही गोष्ट जेवताना मोठ्याने सांगितली. आमच्याकडे कोणी काही बोलले नाही, आमटी मात्र दोनदा मागितली.

मुलगी आणखी पुढे गेली. जपानात म्हणे किल्ली नाही, कमान नाही, तरी पायऱ्या उतरत कोलांट्या मारणारा बाहुला होता. होसोकावा हान्झो नावाच्या माणसाने १७९६ साली ‘काराकुरी झुई’ नावाच्या पुस्तकात चित्रे काढून त्याची कृती दिली आहे. त्याच्या पोटात पारा. बाहुल्याला वरच्या पायरीवर ठेवायचे. तो मागे वाकतो, पारा नळीतून डोक्याकडे वाहतो, हात खालच्या पायरीवर टेकतात, भार तिकडे गेल्यामुळे पाय आपोआप उचलले जाऊन डोक्यावरून पलीकडच्या पायरीवर पडतात. मग पारा पुन्हा वाहतो. एक थेंब तेल नाही की चाक नाही, नुसता जड पदार्थ इकडून तिकडे. पारा विषारी असतो, तेव्हा हे ऐकून कोणी घरातला थर्मामीटर फोडायला मुलांना देऊ नका, एवढे सांगून ठेवते.

आणि एक गरिबाघरचा प्रकार: वाळूची पेटी. पुढे काच, काचेमागे पुठ्ठ्याचा कसरतवाला आडव्या दांडीला धरलेला. मागे लपवलेले चाक, आपल्या रहाटासारखे. वरच्या कप्प्यातून बारीक वाळू चाकाच्या पाळ्यांवर पडते, चाक फिरते, त्याबरोबर दांडी फिरते. हात दांडीला पक्के, परंतु कोपर, कंबर, गुडघे दोऱ्याच्या गाठीने सैल. त्यामुळे तो प्रत्येक फेरीत वेगळाच हेलकावा घेतो, दोनदा सारखा दिसत नाही. वाळू संपली की पेटी गोल फिरवून ती पुन्हा वर न्यायची. गेल्याच्या गेल्या शतकात युरोपात ह्या पेट्या घरोघर होत्या, आणि काहींवर लेओतार हे नाव असे. जूल लेओतार म्हणजे १८५९ साली पॅरिसच्या सर्कशीत एका झोपाळ्यावरून दुसऱ्यावर उडी घेणारा पहिला माणूस. तो अंगाला चिकटून बसणारे कपडे घालायचा. आपल्या मुली शाळेत जिम्नॅस्टिकला घालतात त्या पोशाखाला अजून लिओटार्ड म्हणतात, ते ह्याच्याच नावावरून. त्या माणसाच्या उड्या आता कोणी पाहिलेल्या नाहीत, कपडा मात्र टिकला. हे ऐकल्यावर माझ्या मनात काहीतरी टोचले, पण काय ते तेव्हा कळले नाही.

इकडे दुकानात काय चालले होते? ह्यांनी विदूषक खुर्चीवरून सोडवून ठेवला आणि पेटीतले यंत्र एकटे चालवून पाहिले. ते सुरळीत चालले. विदूषक चढवला की अर्ध्यावर थांबे. ह्यांचे निदान असे की कमान म्हातारी झाली, जोर उरला नाही. मुंबईहून त्यापेक्षा कडक कमान मागवली. बसवली. किल्ली दिली. विदूषक नेहमीच्या जागी थांबला, थरथरला, आणि आतून ‘टक्’ असा आवाज आला. चाकाचा एक दात तुटला होता.

त्या रात्री हे जेवले नाहीत. त्यांच्या हातून वीस वर्षांत असे झाले नव्हते. शंभरसव्वाशे वर्षे जुने चाक, बाजारात मिळायचे नाही. दात बसवता येतो. तुटल्या जागी खाच कापून पितळेचा तुकडा घट्ट बसवायचा, झाळायचा आणि कानशीने दाताचा आकार द्यायचा. ते त्यांना येते. पण ते म्हणाले, “आजींना सांगायचे कशाला? दात मीच तोडला, मीच बसवीन. आतले कोण बघतो?” मी म्हटले, “सांगायला हवे.” ते म्हणाले, “गावात झाले की उरलेली गिऱ्हाइकेही जातील.” ते खोटे नव्हते. मुलीची फी भरायची होती. आम्ही दोघे एकमेकांशी दोन दिवस कामापुरतेच बोललो.

तिसऱ्या दिवशी त्यांनी विदूषकाचा अंगरखा काढून माझ्या पुढ्यात टाकला. “मळला आहे, जरा स्वच्छ कर, धुवू मात्र नको.” बस, एवढेच.

मी तो उजेडात धरला. माझे शिक्षण सातवी, परंतु बाई, शिवण माझ्या आईने शिकवली आहे, आणि कापड खोटे बोलत नाही. रेशमात एकदा सुई गेली की भोक राहते. ह्या अंगरख्याला भोकांच्या दोन दोन रांगा होत्या. जुनी शिवण जवाएवढी बाहेर होती, नवी आत. म्हणजे मधल्या काळात कोणीतरी तो आवळला होता. बगलेत पाहिले, तर चौकोनी ठिगळाएवढा भाग गडद गुलाबी, बाकीचे रेशीम विटलेले. तिथे पूर्वी चौबगला होता! जुन्या बंड्यांना, अंगरख्यांना बगलेत तो कर्णावर कापलेला तुकडा घालतात, हात वर गेला तरी कापड ओढू नये म्हणून. कोणा शिंप्याने तो काढून टाकून मुंढा सरळ शिवला होता. वर आतून मांजरपाटाचे अस्तर, आणि घेराला चांगली जाड जरीची किनार. दिसायला अगदी राजबिंडा. त्याला वाटले असेल जुने आहे, जरा नीट करून देऊ. त्याला काय माहीत की हा अंगरखा उभ्याने मिरवायचा नाही, उलटा व्हायचा आहे!

अस्तर आणि किनार ह्यांच्या लहान तराजूत घालून पाहिली. दोन्ही मिळून जवळजवळ चार तोळे. खुद्द रेशीम एक तोळाच. त्यात ती किनार घेराला, म्हणजे हातापासून सगळ्यात लांब. पाण्याची कळशी छातीशी धरणे वेगळे आणि हात लांब करून धरणे वेगळे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. बाहुल्याचे मनगट तो भार हात लांब करून उचलत होते, वर बगल आवळलेली. कमान म्हातारी नव्हतीच.

मी दुकानात गेले आणि म्हटले, “अंगरखा न घालता एकदा चढवून बघा.” ते म्हणाले, “कपड्याने यंत्र थांबत नाही.” मी काही बोलले नाही, तिथेच बसून राहिले. शेवटी दात बसवून झाल्यावर, जुनी कमान परत घालून, त्यांनी उघडाच विदूषक चढवला. किल्ली दिली. गाणे वाजू लागले. पाय उचलले, कंबर उचलली, नेहमीची थांबण्याची जागा आली आणि गेली, आणि तो सरळ उलटा उभा राहिला. मग एक हात सुटला. मग मान वळली आणि त्याने आमच्याकडे बघितले, ती एक भुवई वर करून. हे म्हणाले, “हं.” त्यांच्या तोंडून एवढे आले म्हणजे पुष्कळ, ज्या बायका माझ्या शेजारी राहतात त्यांना विचारा.

मग मी आजींची परवानगी घेऊन अंगरखा उसवला. अस्तर काढले, किनार काढली, जुन्या भोकांतूनच पुन्हा टाके घातले. चौबगल्याला नवे रेशीम कडक लागत होते. सासूबाईंनी आपल्या जुन्या मुकट्याचा मऊ झालेला तुकडा आपण होऊन काढून दिला. रंग जुळत नाही, परंतु बगलेत कोण बघतो. एक गंमत कळली. अंगरखा खाली चोळण्याला चार ठिकाणी हलक्या टाक्याने जोडलेला होता, त्याची भोके होती. का, ते आधी समजेना. मग उजेड पडला: उलटे झाल्यावर अंगरखा तोंडावर पडू नये म्हणून! आणि बाही कोपरापाशी मुद्दाम ढगळ, आतली तार दिसू नये इतकी आणि चाकात जाऊ नये इतपतच. ज्या बाईने हे पहिल्यांदा शिवले तिने बाहुल्याला उलटा धरून माप घेतले असले पाहिजे.

बाई म्हणते, कारण मुलीने नंतर वाचून दाखवले. त्या पॅरिसच्या लाँबेरची बायको, यूजेनी तिचे नाव, शिवणकाम करणारी होती आणि नवऱ्याच्या बाहुल्यांचे कपडे तीच शिवत असे. कारखाना मात्र लाँबेरचा म्हणूनच ओळखला गेला. अमेरिकेत न्यू जर्सी भागातल्या मॉरिस म्युझियममध्ये असल्या जुन्या यंत्रांचा आणि वाद्यांचा सातशेहून अधिक नगांचा संग्रह आहे, मुर्तो गिनेस नावाच्या गृहस्थाने जमवलेला. त्याची चित्रे मुलीने दाखवली. मी सगळ्यांचे कपडेच बघत बसले, मुलगी म्हणाली, “आई, तोंड तरी बघ.”

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी आजी आल्या. आधी ह्यांनी त्यांना बसवले आणि दाताची गोष्ट सांगितली. काही न लपवता, अगदी ‘टक्’ आवाजासकट. मी आत पडद्यामागे उभी होते, माझे हात गार पडले होते. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “नवा दात नीट बसला ना? मग तो माझ्यापेक्षा नशिबाचा. माझी कवळी काही केल्या बसत नाही.” मग किल्ली दिली. आजी खुर्ची पुढे ओढून पेटीला नाक लावून बसल्या. विदूषक तीनदा उलटा झाला. तिसऱ्या वेळी त्याने मान वळवली तेव्हा आजींनीही आपली मान तशीच तिरपी केली.

बिल ह्यांनी आधीच करून ठेवले होते. यंत्र साफ करणे, तेल, गाण्याच्या फणीची दुरुस्ती. नव्या कमानीचे पैसे लावले नाहीत, दाताचेही नाहीत. आजींनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि विचारले, “शिलाई कुठे आहे?” हे म्हणाले, “ती घरीच झाली.” आजी म्हणाल्या, “घरी म्हणजे कोणी केली? भिंतीने?” आणि पेन मागून घेऊन थरथरत्या अक्षरात खाली लिहिले, ‘अंगरखा उसवून शिवणे, रुपये ५००’, आणि पुढे माझे नाव विचारून तेही लिहिले. ते बिल ह्यांनी दुकानात काचेखाली ठेवले आहे. हे मी त्यांच्यामागे सांगते आहे असे समजू नका, स्मरणिकेत छापून आल्यावर ते वाचतीलच.

काढलेली किनार आणि अस्तर मी पाकिटात घालून आजींना परत दिले. त्याही शिंप्याने मेहनत केलीच होती. ऑपरेशन चांगले झाले. गौरीच्या दिवशी आजींकडे हळदीकुंकवाला गेले तेव्हा विदूषक गौरीपुढे मांडला होता आणि त्याच्या पेटीवर, ‘मुलांनी हात लावू नये’ अशी चिठ्ठी. आजी म्हणाल्या, किल्ली दिवसातून एकदाच द्यायची. आम्ही गेलो तेव्हा त्या दिवसाची देऊन झाली होती.

तो बाहुला काही मी इथे आणू शकले नाही. परंतु मुलीने आणि मी बुटांच्या खोक्यात वाळूची पेटी केली आहे, ती पलीकडच्या टेबलावर, तिळगुळाच्या डब्याशेजारी ठेवली आहे. पहिल्यांदा आम्ही वाळूऐवजी रवा घातला होता. पावसाळ्यात रव्याची ढेप झाली आणि कसरतवाला दोन दिवस दांडीला तसाच लटकून राहिला. आता कृष्णेची वाळू वस्त्रगाळ करून, उन्हात वाळवून घातली आहे. पुठ्ठ्याच्या माणसाला मी चोळणा शिवला आहे, अर्थात बिनअस्तराचा. जाताना सगळ्यांनी एकदा बघावा. पेटी डावीकडे गोल फिरवायची, तीन वेळा; उजवीकडे फिरवली तर वाळू वर चढत नाही आणि सगळी खालीच बसते. तेवढे संभाळा, आणि पहिली पाळी लहान मुलांना द्या.